दुपारी तीनची पट्टी

त्या मंगळवारी मी बायकोसाठी पट्ट्या आणायला दवाखान्यात गेलो होतो. जुन्या पट्ट्या धुऊन धुऊन म्हाताऱ्या मोज्यांसारख्या लोंबायला लागल्या होत्या. खिडकीवरची बाई म्हणाली, "माल पुढच्या आठवड्यात." मी वळलो, तर बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझी बाही धरली. भर उन्हाळ्यात डोक्याला लोकरीची टोपी.

"कोणता हात?" त्यांनी विचारलं.

"उजवा. बायकोचा."

"आमचाही उजवाच होता."

त्यांची बायको दोन महिन्यांपूर्वी गेली होती. बारा वर्षं त्यांनी तिचा हात बांधला होता. मंगळवार आला की पाय आपोआप दवाखान्याकडे वळतात, म्हणाले. त्यांनी पिशवीतून पत्र्याचा एक डबा काढला. आत धुतलेल्या, घट्ट गुंडाळलेल्या आठ पट्ट्या होत्या.

"कुणाला द्यायच्या ते कळत नव्हतं. तुमचा चेहरा बघितला आणि वाटलं, या माणसाला अजिबात जमत नसणार."

माणूस पारखी होता. मला खरंच जमत नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी माझ्या बायकोला स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, किरण झाले, केस गेले आणि परत आले. लोक भेटायला आले, "सुटलात बरं का" म्हणाले आणि यायचे थांबले. वर्षभराने हात सुजायला लागला. काखेतल्या गाठी काढल्या की हातातल्या पाण्याला वर जायला वाट उरत नाही, ते तिथंच मुक्काम ठोकतं. हे आता जन्माचं. ती शाळेत भूगोल शिकवते. फळ्यावर डाव्या हाताने नकाशे काढते, आणि मुलं म्हणतात, बाईंच्या नकाशात समुद्र फार वाढलाय. हे ती हसून सांगते. पण गेल्या वर्षी कागदाची कड लागून बोटाला चीर पडली, तिसऱ्या दिवशी हात खांद्यापर्यंत लाल झाला आणि ताप डोक्यात गेला. आठ दिवस सलाईनवर होती. तेव्हापासून पट्टी हा आमच्याकडे थट्टेचा विषय राहिला नाही. म्हणजे थट्टा फक्त माझी.

मी जळालेल्या मोटरीत नवी तार भरून देतो. दुकान घराच्या पुढच्याच खोलीत आहे. केसाएवढ्या तारेचे हजार वेढे मी न चुकता घालतो. पण बायकोच्या हातावर सातवा वेढा घातला की पहिला सुटायचा. ती सकाळची शाळा करून यायची, जेवायची, मी पट्टी बांधायचो आणि ती मागच्या खोलीत आडवी व्हायची. उठेपर्यंत सगळं कोपराशी गोळा.

"तुमच्या मोटरी चालतात तरी कशा?" ती विचारायची.

डब्यातल्या पट्ट्या पहिल्यांदा बांधल्या त्या दुपारी ती उठून दुकानात आली आणि हात पुढे करून उभी राहिली. बोटांपासून खांद्यापर्यंत वेढ्यावर वेढा, माशाच्या काट्यासारखी नक्षी, शेवटचं टोक आत खोचलेलं.

"आज छान बांधलंत," ती म्हणाली.

मला चांगलं आठवत होतं, मी काय बांधलं होतं. वाटलं, हिनेच सारखं केलं असेल आणि माझं मन राखतेय. बायको पाच वर्षांत पहिल्यांदा कौतुक करत असताना चौकशी कशाला?

"सवयीने जमतं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. मी रोज गबाळं बांधायचो आणि साडेतीनला रोज शाबासकी घ्यायचो. तीन आठवड्यांनी दवाखान्यातल्या पट्टीच्या मॅडमनी टेपने हात मोजला. दोन सेंटिमीटर कमी. त्यांनी दोनदा मोजला, मग बाहेर बसलेल्या चार नवऱ्यांना आत बोलावलं.

"बघा, यांच्याकडून शिका. दाखवा हो जरा."

पळायला दार एकच होतं आणि त्यात मॅडम उभ्या होत्या. मी दाखवलं. अर्ध्या मिनिटात पट्टी पायावर पडली. एक नवरा खाली वाकून ती गोळा करत हळूच म्हणाला, "माझी निदान कोपरापर्यंत टिकते."

घरी येताना बायको स्वतःचा हात उलटसुलट करून बघत होती.

"रोज कोण बांधतं?" तिने विचारलं.

"तूच ना?"

"एका हाताने? अशी?" ती चालता चालता थांबली. "मी झोपेत असते. बोटं लागतात मला. मला वाटायचं... तुम्हीच आहात."

घर येईपर्यंत तिने माझा दंड सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद केलं आणि तिच्या खाटेशेजारी स्टूल टाकून बसलो. हातात पाना घेतला होता. भुताला पान्याचं काय भय, हे तेव्हा सुचलं नाही. पडदे ओढले होते, पण कडेने उन्हाची एक पट्टी भिंतीवर पडली होती. बाहेर रस्ता सामसूम. अंधारात भीती वाटते हे सगळे सांगतात. उजेडात, जेवण झाल्यावर, पोट भरलेलं असताना वाटते ती वेगळीच, तिला कुठं लपता येत नाही. पावणेतीन झाले. बायकोचा श्वास लांब झाला. माझी पट्टी मनगटावर सैल झाली, मग घसरली.

तीन वाजता वास आला. ओलसर, आंबूस. कागद चिकटवायच्या खळीसारखा.

मग पट्टीचं टोक उचललं गेलं.

वारा नव्हता. टोक हवेत जरा थांबलं, जसं कुणी चष्मा सावरायला थांबावं. मग सगळी पट्टी आपली आपण सुटून गुंडाळी झाली आणि बोटांपासून पुन्हा चढायला लागली. करंगळी, मग बाकीची बोटं... पंजा... मनगट. कापड घासल्याचा बारीक आवाज, बस्स. वेढा बसला की जागच्या जागी थोपटल्यासारखा दबायचा. माझ्या हातातला पाना स्टुलाला लागून वाजला. तो मी मांडीखाली घेतला आणि त्यावरच बसून राहिलो.

बायकोने डोळे उघडले. मान वळवली नाही.

"अहो... तुम्हीच ना?"

"मी इकडे आहे," मी म्हणालो. "डावीकडे."

पट्टी उजवीकडे चढत होती. माझी बायको शाळेत साठ पोरांना नजरेने गप्प करते. तिने डोळे मिटले आणि अगदी हळू आवाजात, शेजाऱ्याला सांगावं तसं म्हणाली, "अंगठ्याला जरा... सैल हवं होतं."

वेढे थांबले. मग उलटे सुटत अंगठ्यापर्यंत आले. अंगठा सैल झाला. पट्टी पुन्हा वर चढली, टोक आत खोचलं गेलं आणि वास गेला. आम्ही दोघं चार वाजेपर्यंत तसेच होतो. मग ती म्हणाली, "चहा टाका. माझा हात बांधलेला आहे."

डब्याच्या झाकणाला आतून त्या टोपीवाल्या काकांच्या पत्त्याची चिठ्ठी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिथं गेलो. दार त्यांच्या मुलीने उघडलं.

"बाबा झोपलेत. तीनला झोपतात ते. बसा."

काका आरामखुर्चीत होते, टोपी डोळ्यांवर. खोलीभर पुस्तकं, कातरलेले पुठ्ठे आणि खळीची वाटी. आयुष्यभर त्यांनी पुस्तकं बांधली होती. तोंड किंचित उघडं, श्वास संथ. आणि हात हवेत चाललेले. डाव्या हाताने काहीतरी धरलेलं, उजवा हात त्याभोवती फिरत होता. करंगळी, बोटं, पंजा, मनगट. शेवटी काहीतरी आत खोचलं, दोनदा थोपटलं आणि हात मांडीवर आले.

मुलगी हळूच म्हणाली, "आई गेल्यापासून रोज चालतं. लक्ष देऊ नका."

काका जागे झाले, मला ओळखलं. पट्ट्या कशा आहेत विचारलं. मी चांगल्या आहेत म्हणालो.

"रोज हिचा हात बांधतो मी स्वप्नात," ते म्हणाले. चेहरा उजळला होता. "फक्त एक कळत नाही. हिचा हात एवढा जाड नव्हता."

माझ्या बायकोचा हात जाड म्हणणाऱ्या माणसाला काय बोलावं?

"आणि काल मला म्हणाली, अंगठ्याला जरा सैल हवं होतं. बारा वर्षांत कधी बोलली नाही हो. सोसत राहिली असेल." त्यांनी डोळे पुसले. "बरं झालं, बोलली."

मी त्यांना शिकवायला सांगितलं. आठवड्यातून दोनदा सकाळी ते पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर शिकवायचे, मी चुकलो की फूटपट्टी बोटांवर. महिन्याभरात माझी पट्टी टिकायला लागली. तेव्हा बायकोनेच प्रश्न काढला.

"तुम्ही नीट बांधलीत तर ते काय करतील?"

"म्हणजे?"

"दुपारी येतात बिचारे. येऊन करायला काही नकोच का?"

मग आमचं ठरलं. दुपारी मी मुद्दाम गबाळं बांधायचो. काका यायचे, सोडायचे, सारखं करायचे. बायको कधी कधी डोळे मिटून "छान झालं" म्हणायची. त्या आठवड्यात काका मला सांगायचे, "ही खूश आहे हल्ली." भीती म्हणाल तर वाटायची, रोज तीनला अंगावर काटा यायचाच. पण माणूस पाहुण्याची सवय करून घेतो, तशी आम्ही केली.

थंडीत एका दुपारी वास आला, पट्टी चढायला लागली, आणि कोपराशी थांबली. आम्ही वाट पाहिली. उरलेली गुंडाळी तिच्या हाताशी, गादीवर, हलकेच ठेवल्यासारखी पडली. अर्ध्या तासाने मुलीचा फोन आला. ती बोलायच्या आधीच बायको रडत होती. कोपरापासून खांद्यापर्यंत मी बांधली. एकही वेढा सुटला नाही.

त्यानंतर तीनला कुणी आलं नाही. पट्टी मीच बांधतो, हल्ली सकाळी शाळेआधीच. मॅडम पुन्हा मोजतात, मान डोलावतात, नवऱ्यांना आत बोलवायला निघतात. आता मीच सांगतो, बाहेर बसू दे त्यांना.

हे सगळं इथं संपायला हरकत नव्हती. पण गेल्या गुरुवारी जेवून मी दुकानातल्या खुर्चीत जरा लवंडलो. सकाळभर एका मोठ्या मोटरीला वार्निश लावलं होतं, दोन्ही हात मनगटापर्यंत तपकिरी. जागा झालो तर समोर बायको उभी, आणि तिची नजर माझ्यावर खिळलेली.

"काय झालं?"

"वीस मिनिटं उभी आहे मी. कुणाचा हात धरला होतात?"

"कुणाचा म्हणजे? तुझा..."

"माझा सकाळीच बांधलात." तिने तो दाखवला. "आणि माझा उजवा. तुम्ही डावा बांधत होता."

मला स्वप्न आठवत नव्हतं. बोटांत फक्त एक जाणीव होती, बारीक मनगटाची. थंड. आणि कुणीतरी दचकून हात मागे ओढल्याची.

"कुणाची तरी बायको असेल, घाबरली असेल हो," बायको म्हणाली. "नवीन आहे. पुढच्या वेळी हळू बांधा."

मी हसायला गेलो आणि खाली हातांकडे बघितलं. वार्निश आता वाळून कडक झालं होतं, ते घासल्याशिवाय निघत नाही. पण दोन्ही हातांचे अंगठे आणि पहिली दोन बोटं स्वच्छ होती, पांढऱ्या कापडाला पुसून काढावीत तशी.