भरलेली टाकी आणि दादरची दोन पोती

जळगाव-धुळे रस्त्यावर पारोळा मागे पडलं आणि मुकटीच्या अलीकडच्या उतारावर संघमित्राच्या आरशात तिचं घर नाचू लागलं.

घर म्हणजे दोन चाकांवरचं घर. जळगावच्या एमआयडीसीत वडिलांचं पाण्याचे टँकर बनवायचं वर्कशॉप होतं. त्याच्याच एका कोपऱ्यात सात महिने खपून तिनं हा कॅम्पिंग ट्रेलर स्वतःच्या हातानं उभा केला होता. आत दोघांपुरता पलंग, इवलासा ओटा, खिडकीला निळे पडदे आणि अगदी मागे, पलंगाखाली, पिण्याच्या पाण्याची दीडशे लिटरची टाकी. बोलेरोच्या मागे जोडलेलं ते पांढरंशुभ्र घर पारोळ्यापर्यंत शहाण्या वासरासारखं मागोमाग आलं होतं. आता मात्र ते शेपूट हलवायला लागलं. आधी थोडंसं... मग जास्त... आणि मग—अगं बाई!—अख्खी बोलेरोच डावी-उजवीकडे ओढली जाऊ लागली.

ब्रेकवर गेलेला पाय तिनं कसाबसा आवरला. नुसता वेग सोडला. स्टेअरिंग घट्ट धरून ठेवलं. चार-पाच हेलकावे खाऊन ट्रेलर शांत झाला, तशी तिनं गाडी एका कडुनिंबाच्या सावलीत घेतली आणि श्वास सोडला.

मागून सारखा दिवे दाखवत येणारा एक टँकरही तिथेच थांबला. त्यातून एक सडपातळ, उन्हानं रापलेला तरुण उतरला. डोक्याला बांधलेला रुमाल सोडत तो म्हणाला, "ब्रेक नाही मारलात ना ताई, ते फार चांगलं केलंत. मी मागे हात जोडून बसलो होतो."

"हात जोडून? मग टँकर कोण चालवत होतं?"

तो गोंधळला. मग हसला. हसताना त्याच्या एका गालाला खळी पडली, आणि ती आपल्याला दिसली याचा संघमित्राला उगाच राग आला.

"आणि मी ताई नाही," ती म्हणाली. "संघमित्रा सुरवाडे. डिप्लोमा, मेकॅनिकल."

"प्रशील अहिरे. बीएस्सी, फिजिक्स. टँकर ड्रायव्हर, शिंदखेडा." हे त्यानं इतक्या सरळपणे सांगितलं, की अशा वेळीही तिला हसू आलं.

तो ट्रेलरभोवती एक चक्कर मारून आला. वाकून खाली पाहिलं. मागच्या पत्र्याला, ताप पाहावा तसा हात लावला, आणि घाईत त्याच्या तोंडून घरचीच बोली निघाली, "आरे, बठ्ठं पानी मांगे शे ना!"

"हो, सगळं पाणी मागेच. टाकी तिथेच आहे."

"भरलेली?"

"काठोकाठ. शिवाय वीस-वीस लिटरचे दोन कॅनही मागेच ठेवलेत. आईनं."

आईचं नाव सविता, पण गल्लीत सगळे तिला पाणीवाली म्हणत. नळाला पाणी आलं की घरातली वाटीसुद्धा ती रिकामी ठेवत नसे. आज नेमका पाण्याचा वार होता. पहाटे उठून तिनं लेकीच्या ट्रेलरची टाकी भरली होती, झाकणाला कुंकवासारखा लाल रंगाचा ठिपका दिला होता, आणि वर दोन कॅन.

प्रशीलनं बोलेरोच्या हुकातून ट्रेलरची दांडी सोडवली आणि म्हणाला, "उचला."

"एकटी?"

"एका हातानं."

तिनं उचलली. रिकामी बादली उचलावी तशी दांडी वर आली... आणि संघमित्राचा चेहरा उतरला. सांगायची गरजच नव्हती. सगळा भार चाकांच्या मागे गेला होता. पुढे बोलेरोवर दाबच नव्हता. अशा ट्रेलरनं शेपूट हलवू नये तर काय करावं?

"चार वेळा चालवून बघितलाय मी," ती पुटपुटली. "बायपासवर. एकदाही हलला नाही."

"टाकी भरून बघितला?"

तिनं पायानं एक खडा बाजूला ढकलला.

"मे महिन्यात नुसत्या चाचणीसाठी दीडशे लिटर पाणी भरून ओतून कोण देईल?" त्यानंच उत्तर दिलं, आणि त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. "मीसुद्धा दिलं नसतं."

एवढ्या एका वाक्यानं तिला रडू आल्यासारखं झालं. मग तिनं सगळंच सांगून टाकलं. धुळ्याचे हीरालाल शेठ लळिंगच्या पायथ्याशी पर्यटकांसाठी मुक्कामाची जागा करत होते. त्या माळावर पाण्याचा थेंब नाही, म्हणून त्यांची अटच होती—ट्रेलर भरल्या टाकीनिशी जळगावहून ओढून आणून दाखवा, आज चार वाजता. पसंत पडला तर ती वर्कशॉपमध्ये राहणार, असेच आणखी ट्रेलर बांधणार. नाही पडला तर चाकणच्या कंपनीचं नोकरीचं पत्र कपाटात तयार होतं. सोमवारी हजर. बाबांना तिनं तसा शब्द दिला होता.

"अर्धं पाणी सोडून देऊ?" तिनं विचारलं.

"रस्त्यावर?" तो असा दचकला, की जणू कुणी ताटातली भाकरी फेकतंय. मग सावरून म्हणाला, "आणि अर्धी टाकी तर आणखी वाईट. भरलेली टाकी गप्प बसते, रिकामी गप्प बसते. अर्धी मात्र—"

"—आतल्या आत धडका देते. माहितीये. म्हणून टँकरमध्ये आडवे पत्रे घालतात. माझ्या टाकीत मी घातले नाहीत. एवढीशी टाकी, काय होणार, असं वाटलं." तिनं कपाळावर हात मारला. "टँकरवाल्याची मुलगी आहे हो मी!"

प्रशीलनं तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या टँकरकडे. टाकीवर गंजत आलेली एक पाटी होती : सुरवाडे इंजिनिअरिंग, जळगाव.

"म्हणजे हे... तुमचं?"

"बाबांचं."

"तीन वर्षं चालवतोय. टाकी एक नंबर. पण शिडीची तिसरी पायरी ज्यानं जोडली ना, तो माणूस मला एकदा भेटायला हवा. वाकडी शे! रोज माझा पाय तिथेच अडखळतो."

संघमित्रा कडुनिंबाकडे बघू लागली.

"काय झालं?"

"ती... माझी पहिली वेल्डिंग होती."

वर पोपटांचा एक थवा किलबिलत गेला. मग दोघंही एकदम हसायला लागले—इतके, की पलीकडून जाणारा ट्रॅक्टरवाला वळून बघत गेला.

"मग झालं तर," डोळे पुसत प्रशील म्हणाला. "तुमच्या टाकीचं मी खातो. आज तुमच्या टाकीसाठी काहीतरी करतो." तो टँकरच्या केबिनमध्ये चढला आणि एक मोठं पोतं ओढत बाहेर आला. "दादर आहे. मामानं दिली, एरंडोलहून. अशी दोन. पन्नास-पन्नास किलो."

"ज्वारी? त्याचं काय करू?"

"पुढे ठेवायची. अगदी दांडीजवळ. पाणी मागे, दादर पुढे."

तिच्या डोळ्यांत एकदम उजेड पडला. दोन्ही कॅन मागून काढून पुढच्या पेटीत. स्टेपनी पुढे. हत्यारांची पेटी पुढे. दोघांनी पोती उचलून ओट्याशेजारी लावली. त्या एवढ्याशा जागेत वळताना त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला. तो पटकन मागे सरकला आणि त्याचं डोकं कपाटावर आपटलं.

"कपाट मजबूत आहे," ती म्हणाली. "काळजी करू नका."

"कपाटाची नाहीच करत."

आता तिनं दांडी उचलून पाहिली. दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन. जेमतेम हलली. संघमित्राला उडीच मारावीशी वाटली, आणि तिनं मारलीही.

"पन्नासच्या वर जाऊ नका," तो म्हणाला. "मी मागे आहे."

"शिंदखेडा तर उलट दिशेला राहिलं ना, लळिंगहून?"

"माझी पोती आहेत आत." त्यानं रुमाल पुन्हा डोक्याला बांधला. "पोत्यांना सोडून कसा जाऊ?"

फागणे गेलं, धुळं आलं, गेलं. आरशात आता दोन गोष्टी दिसत होत्या. रेषेत चालणारा पांढरा ट्रेलर आणि त्याच्या मागे निळा टँकर. कोणत्या गोष्टीकडे आपण जास्त वेळा बघतोय, याचा हिशोब संघमित्रानं मुद्दामच ठेवला नाही.

चारला पाच मिनिटं कमी असताना ती माळावर पोचली. हीरालाल शेठ छत्री धरून उभेच होते. त्यांनी पलंग दाबून पाहिला, पडदा ओढला, नळ सोडला आणि ओंजळभर पाणी पिऊन म्हणाले, "गार आहे. बेटा, काम साफ आहे तुझं. घेतला समज." मग त्यांची नजर ओट्याशेजारी गेली. "ही पोती पण गाडीबरोबर देते का?"

"नाही हो, ती विकायची नाहीत," दारात उभा असलेला प्रशील घाईनं म्हणाला, आणि संघमित्राकडे बघून त्यानं मान किंचित हलवली. काही बोलू नका.

झालं होतं. पसंत पडला होता. नुसतं हसून 'धन्यवाद शेठ' म्हणायचं होतं. पण शनिवारी कुणी नवरा-बायको हा ट्रेलर शेठकडून भाड्यानं घेऊन, गाडीला जोडून, टाकी भरून, लेकरांना घेऊन निघतील... पोत्यांशिवाय.

"शेठ, टाकीची जागा चुकली माझी," तिच्या तोंडून निघालंच. "भरली की ट्रेलर हलतो. पोती पुढे ठेवून आणलाय. टाकी चाकांवर घेते, आत पत्रे घालते. आठ दिवस द्या."

शेठनी छत्री मिटली. पुन्हा उघडली. "मी तर घेतला होता गं. मला काय कळणार होतं?"

"म्हणूनच सांगितलं."

शेठनी नळ पुन्हा सोडून पाहिला, घट्ट बंद केला. "आठ दिवस," शेवटी ते म्हणाले. "नववा उजाडला तर मी पुण्याहून मागवतो. आणि पाणी नेऊ नको परत, माझे दहा निंब लावलेत तिथे, त्यांना घाल."

ती फोन करायला बाजूला गेली. बाबांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "मग सोमवारी चाकण?"

"कळवते त्यांना, येत नाही म्हणून." फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, हा निर्णय घ्यायला आपल्याला विचारसुद्धा करावा लागला नाही.

टाकीतलं पाणी दोघांनी मिळून झाडांना घातलं. ती पाइप धरायची, तो आळी करायचा. दहाव्या झाडाशी आल्यावर दोघांचीही चाल मंदावली.

"पोती काढून घ्या," ती म्हणाली.

"राहू द्या. परतीला वारा असतो."

"रिकाम्या टाकीला पोती लागत नाहीत. डिप्लोमा केलाय मी."

"माहितीये." तो चिखलाच्या हातांकडे बघत होता. "मलाही फिजिक्स येतं... पण पोती तिथे राहिली तर ती न्यायला यावं लागेल ना जळगावला."

ती पाइप गुंडाळत होती. गुंडाळलेला पाइप तिनं पुन्हा उलगडला आणि पुन्हा गुंडाळायला घेतला.

"आठव्या दिवशी या," ती म्हणाली. "भरली टाकी ओढून बघायची आहे. मागून बघायला माणूस लागेल."

"मागूनच?"

बोलेरोत बसताना ती हसत होती, आणि त्याला ते आरशातून दिसलं.

आठवा दिवस म्हणजे बुद्ध पौर्णिमा. वर्कशॉप बंद होतं. टाकी चाकांवर आली होती, आत तीन आडवे पत्रे होते आणि प्रत्येकाची वेल्डिंग सरळ होती. पाण्याचा वार नसतानाही आईनं शेजारपाजारचे हंडे गोळा करून टाकी काठोकाठ भरली होती. प्रशील पांढरा शर्ट घालून टँकर घेऊन आला, तेव्हा आईनं त्याला थेट ताटावरच बसवलं. खीर, ठेचा आणि गरम भाकरी.

भाकरीचा पहिला घास घेऊन तो थांबला. "ही दादर..."

"तुमचीच," आई निवांतपणे म्हणाली. "एक पोतं सोडलं मी. घरात बांधून ठेवलेलं धान्य मला बघवत नाही. आता परत कसं देऊ? ज्याचं आहे त्यानंच येऊन खावं अधूनमधून."

संघमित्रा लालेलाल झाली. "आई!"

"काय आई? चूक झाली माझी?"

"नाही काकू," प्रशील खाली मान घालून म्हणाला, "अजिबात नाही."

चाचणी घेत ट्रेलर तसाच शेठकडे पोचवायला निघताना बाबा, युवराज सुरवाडे, टँकरच्या चाव्या बोटावर फिरवत उभे होते. "मागून मी बघतो. माझ्याच हातचा टँकर आहे. तू बस तिच्या शेजारी."

निघण्याआधी टाकीचं झाकण बघायला शिडी चढताना तिसऱ्या पायरीशी त्यांचा पाय अडखळला. "हे कुणी जोडलंय रे!"

"उद्या सरळ करून देते," संघमित्रा प्रशीलला हळूच म्हणाली.

"नको." तोही हळू बोलला. "तीन वर्षं त्या पायरीला शिव्या दिल्या. गेले आठ दिवस तिथे पाय अडखळला, की... दिवस चांगला जातो. राहू द्या वाकडी."

बोलेरो एरंडोलच्या रस्त्याला लागली. चाळीस. पन्नास. साठ. मागे दीडशे लिटर पाणी, त्याच्या मागे बाबा. दोघंही समोर बघत होते.

"तुम्ही मला आठ दिवसांतल्या फोनवर एकदाही ताई म्हणाला नाहीत," ती म्हणाली.

"फोनवर? नाही म्हटलं."

"का?"

"त्या दिवशी मुकटीला एकदाच म्हटलं. तुम्ही 'ताई नाही' म्हणालात..." त्यानं सीटबेल्ट चाचपला. "तेव्हापासून मी देव नाही मानत तरी कुणाचे तरी आभार मानतोय. संघमित्रा, मला अर्धं काही जमत नाही. मागून नुसतं बघत राहणंही जमायचं नाही. मला इथे बसायचं आहे. शेजारी. कायमचं."

स्टेअरिंग क्षणभरही हललं नाही. फक्त गिअरवरचा डावा हात निसटला आणि त्याच्या हाताशेजारी येऊन थांबला... मग शेजारी राहिला नाही, हातातच गेला.

मागून टँकरचा हॉर्न वाजला.

"बाबा!" ती दचकली. "काय झालं? हलतोय का?"

प्रशीलनं खिडकीतून मान काढून मागे पाहिलं. बाबा दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून, मान डोलावत हसत होते. त्यांच्यापुढे निळ्या पडद्यांचं ते पांढरं घर, भरल्या टाकीनिशी, रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीला धरून चाललं होतं.

"मागचं कसं शे?" तिनं त्याच्याच बोलीत विचारलं.

"सरळ शे," तो आत येत म्हणाला. त्यानं तिचा हात पुन्हा हातात घेतला. "बठ्ठं सरळ शे."