दरडीवरचे काळे पाव

आठ दिवसांची ही पायपीट आम्ही केवळ खाण्यासाठी काढली होती! दर मुक्कामी तिथलं काहीतरी चाखायचं, असं माझं आणि वन्संचं ठरलं होतं. धुरावलेला मासा झाला, कडवट मध झाला. पण खरा डोळा होता वरच्या खोऱ्यातल्या काळ्या पावावर. माझे यजमान, म्हणजे वन्संचे थोरले भाऊ, तरुणपणी इथून चालत गेले होते आणि मरेपर्यंत त्या पावाचं नाव काढत होते. मी स्वतः बेकरी चालवते. तीस वर्षं भट्टीपुढे भाजून निघाले, तरी तो पाव मला जमला नाही. त्याचं आंबवण मिळवायचंच, असा माझा हट्ट होता.

"ते गाव राहिलं नाही," वाटाड्याने आधीच सांगितलं होतं. "तीन वर्षांपूर्वी दरड आली. सगळे गेले." एरवी बडबड्या असलेला हा माणूस एवढ्यावरच थांबला.

सातव्या दिवशी भर दुपारी खिंडीत धुकं उतरलं. स्वतःचे बूट दिसेनात. आणि वास आला. भट्टीतून नुकत्याच निघालेल्या पावाचा!

वन्संनी माझी बाही धरली. "वहिनी, तुलाही येतोय ना?"

वाटाड्या पांढराफटक पडला. "त्या वासामागे जायचं नाही! मला दर खेपेला येतो. खाली कुणी नाहीये."

"भुतं कशाला पीठ मळत बसतील?" वन्सं म्हणाल्या, पण त्यांचे दात वाजत होते.

भीती मलाही वाटत होती. पण ओल्या लाकडाचा धूर मी ओळखते. कुणीतरी सरपण जाळत होतं. मी उतरायला लागले, तेव्हा नाइलाजाने वाटाड्याने उतरणीवर खाली दोर सोडला.

घसरडी उतरण! पायाखालचे दगड निसटत होते आणि ते कुठे पडतात, त्याचा आवाजच येत नव्हता. धुकं जरा विरलं आणि मी जागीच खिळले. दरडीच्या ढिगाऱ्यावर, अंतराअंतरावर, एकेका सपाट दगडावर एकेक काळा पाव ठेवला होता. ताजा. वाफाळता. एका पावाशेजारी धुराड्याचं टोक जमिनीतून वर आलं होतं.

"ही घरं आहेत," वाटाड्या पुटपुटला. "ओळीने सगळी घरं."

धुक्यातून परात घेतलेली एक म्हातारी आली. आमच्याकडे तिने बघितलंच नाही. वाटाड्यासमोर थांबली.

"किती उशीर रे! तुझा पाव रोज पाखरं खातात."

"काकू?" त्याने तिचं मनगट चाचपून पाहिलं. "तू... तू जिवंत आहेस?"

"मी सरपणाला गेले होते त्या दिवशी. परत आले तर भट्टी तेवढी उरलेली. मग भाजायला नको? लोक काय खातील?"

तो लहान मुलासारखा रडला. हे त्याचंच गाव होतं. इतकी वर्षं तो या वासापासून पळत होता, आणि त्याची काकू पलीकडच्या खोऱ्यातून गाढवावर पीठ आणून एकटी राबत होती.

मी आंबवणाबद्दल विचारलं. तिने भट्टीजवळची बरणी बिनबोभाट माझ्या हातात दिली.

तेवढ्यात डोंगर गुरगुरला.

"दरड! पळा!" वाटाड्या ओरडला. म्हातारी हलेना. "आत पाव आहेत," एवढंच म्हणत राहिली. त्याने तिला सरळ पाठुंगळी घेतलं. आम्ही धावलो. मागे दगड कोसळत होते. वन्संचा पाय सटकला! त्या कडेवरून खाली घसरल्या. मला दोन्ही हात हवे होते. बरणी टाकली. मनगट पकडलं. खेचलं!

वर खिंडीत पोचलो तेव्हा खाली नुसती धूळ होती. भट्टीही गेली होती. वाटाड्याच्या खिशात एक पाव निघाला. कधी उचलला, त्यालाही आठवेना. आम्ही चौघांनी तो वाटून खाल्ला. आंबट, जड, किंचित करपलेला. वन्सं डोळे मिटून चावत होत्या. मी हातातला शेवटचा तुकडा त्यांनाच दिला.

म्हातारी खालच्या ढिगाऱ्याकडे बघत होती. तिने पुतण्याच्या खांद्यावर हात टेकला.

"आता त्यांनी जेवू नये म्हणतोस?"

"जेवले गं ते, काकू," तो म्हणाला. "पोटभर जेवले. चल, आता घरी जाऊ."