शिळा पत्ता

फोन पंढरीशेठचा होता. गोदामातली थंड खोली रात्री बंद पडली, सगळं इन्सुलिन वाया गेलं, ताबडतोब या. धम्मदिना भिवंडीतल्या गोदामांचं नेट दुरुस्त करायची. ती पोचली तेव्हा वॉचमन रामदास दाराशी मान खाली घालून उभा होता.

खोली तापली की रामदासच्या मोबाइलवर भोंगा वाजायला हवा. तो झोपला, असं ठरवून सगळे मोकळे झाले होते. नोकरी जाणार, हे त्यालाही कळत होतं.

"आधी वाजायचा?"

"काल सकाळी चाचणी घेतली, तवा वाजला. रात्री वाजलाच न्हाय, मॅडम."

थंड खोलीचं तापमान बघून भोंगा पाठवणाऱ्या यंत्रावरचं चाचणीचं बटण तिने दाबलं. रामदासचा फोन गप्प. मग तिने यंत्र स्वतःच्या मोबाइलच्या नेटला जोडलं आणि पुन्हा दाबलं. भोंगा कर्कश वाजला. म्हणजे यंत्र ठीक, फोनही ठीक. पण गोदामाचं नेटही बंद नव्हतं; बाकी साइट झटक्यात उघडत होत्या.

नेट शेठचा भाचा भावेश बघायचा. त्याच जोडणीवर तो शेजारच्या कापडाच्या लूमवाल्यांनाही नेट द्यायचा. तरी एवढा वेग कसा, असं विचारल्यावर गडी खुलला.

"साइटचा पत्ता एकदा विचारला की दिवसभर पुन्हा विचारायलाच लागत नाय."

"भोंगावाल्या कंपनीने सर्व्हर बदलला का?"

"काल दुपारी. मेसेज आलेला. आपल्याला काय करायचंय?"

धम्मदिनाला सगळं उलगडलं. आनंद मात्र झाला नाही.

"यंत्राला कंपनीचं नाव तेवढं माहीत असतं," ती शेठना म्हणाली. "त्या नावाचा पत्ता ते दर वेळी नेटवर विचारून घेतं. हा प्रश्न आता वेबपान मागवावं तसाच जातो, म्हणून उत्तर वाटेत, इथल्या नेटच्या डब्यातही साठवता येतं. साठवावंही, वेळ वाचतो. पण दुधाच्या पिशवीवर असते तशी उत्तरावर मुदत असते. भावेशने ती वाढवून दिवसभराची केली. यंत्र रात्रभर रिकाम्या घराची कडी वाजवत राहिलं."

"लूमवाले नेट स्लो म्हणून कटकट करायचे," भावेश पुटपुटला. "म्हणून केलं मी."

"म्हंजे रामदासची चूक न्हाय," शेठ म्हणाले.

"नाही."

"कळलं मना. पण औषधवाल्यांना कोन तरी दोषी दाखवायला लागतो. बहिनीचा पोर कसा दाखवू?"

अहवालात सगळं लिहीन, असं तिने बजावलं.

"लिवा. ते वाचतील तवर दुसरा मानूस ड्युटीवर असंल."

तिला संताप आला, पण गोदाम त्यांचं होतं. रामदासने किल्ली टेबलावर ठेवली.

"मॅडम, मी झोपलो नव्हतो, एवढं आमच्या बायकोला, कलावतीला, फोनवर सांगाल? घरात पन माझं कोन ऐकत न्हाय."