आईंच्या नावाची घागर

ही ऐकीव गोष्ट नाही. मयुरा माझ्या शेजारची आहे, आणि सावलीला घाबरणाऱ्यातली ती मुळीच नाही.

ठिकाण, आमचं हुडकेश्वर. दिवस, १० मे २०२४, अक्षय्य तृतीया. आणि वेळ रात्रीची नव्हे...

दुपारी दोनची. नागपूरच्या मे महिन्यात त्या वेळी रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही.

मयुरा घरी मातीची भांडी घडवते. जुन्या काळातल्यासारखी, चाकाशिवाय. बाहेरून तांबडी, आतून काळी कुळकुळीत.

त्या वर्षी तिच्या सासूबाई, कुसुमताई, वारल्या होत्या. दवाखान्यात शेवटचे दोन दिवस त्या पाणी मागत होत्या. डॉक्टरांची मनाई होती. मयुराने ओठ ओले केले, पण घोटभर पाणी दिलं नाही. ते तिला आतून खात होतं.

म्हणून अक्षय्य तृतीयेला त्यांच्या नावाने भरायची घागर तिने स्वतः घडवली.

आणि इथंच ती चुकली.

भांडं भट्टीत तडकू नये म्हणून मातीत खापरांचा चुरा मिसळतात. घरातलं कुठलंही फुटकं मडकं चाललं असतं. पण बाईसाहेबांना सगळं अस्सल हवं! तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे रोहितच्या, मामांच्या शेतात दगडांची जुनी वर्तुळं आहेत, हजारो वर्षांपूर्वीच्या दफनांभोवती रचलेली. तिथून तिने ओंजळभर खापरं उचलली.

"काहून नेऊन राहिली वं?" रुपरावमामा म्हणाले. "मेलेल्या माणसासंगं पुरलेली भांडी होती ते. ज्याचं त्याले राहू दे."

ती हसली. घरी येऊन तिने ती खलबत्त्यात कुटली.

घागर मात्र सुरेख उतरली. रोहितने ती पाटावर ठेवून पाणी भरलं, आईचं नाव घेतलं. जेवणं झाली. तो कूलरसमोर आडवा झाला, मयुरा भांडी आवरू लागली.

तेवढ्यात मागून...

घोट घेतल्याचा आवाज आला.

मग दुसरा. सावकाश, घशाखाली उतरणारा.

ती वळली. कोणी नव्हतं. घागर अर्धी झाली होती.

"रोहित, पाणी कमी झालं!"

"कच्ची भाजली असन," तो पडल्या पडल्या म्हणाला. "पाझरून राहिली."

तिने घागरीखाली हात फिरवला. पाट कोरडा ठणठणीत.

तिला भीती वाटली नाही. उलट आनंदाने रडू आलं. आई आल्या! पाणी प्यायल्या!

"प्या आई, पोटभर प्या," ती म्हणाली आणि घागर पुन्हा काठोकाठ भरली.

घोट पुन्हा सुरू झाले. आता घाईघाईने.

आणि तेव्हाच...

फाटकाची कडी वाजली.

तिने खिडकीतून पाहिलं. बाहेर नुसतं ऊन. पण आवाज आला. दवाखान्यातला, तोच कोरडा पडलेला.

"मयुरा... पाणी दे ना वं."

आत घोट चालूच होते.

"आई... आत या ना," कसंबसं तिच्या तोंडून निघालं.

मग अगदी दाराशी...

"कशी येऊ? माह्या घागरीपाशी कोन बसून हाये?"

मयुराच्या पाठीमागचे घोट थांबले.

जणू तिथेही कोणीतरी कान देऊन ऐकत होतं.

तिने किंचाळून रोहितला उठवलं. त्याने फक्त कडी ऐकली होती. तांब्या घेऊन ती फाटकापर्यंत धावली, पाणी ठेवलं. संध्याकाळपर्यंत ते तसंच होतं.

दुसऱ्याच दिवशी घागर मामांच्या शेतात पुरली. पुढल्या वर्षी कुंभाराकडची साधी घागर आणली. मयुरा दिवसभर तिच्यासमोर बसून राहिली. पाणी थेंबभरही हललं नाही. दारात कोणी आलं नाही.

"सुटलो आपण," रोहित म्हणतो.

मयुराला तसं वाटत नाही. आई रुसून गेल्या, की अजून बाहेर उन्हात कुठेतरी उभ्या आहेत, हे तिला कळत नाही.

दुपारचं पाणी मात्र आजही तिच्या घशाखाली उतरत नाही.