बिनकामाचं प्यादं

प्रार्थना आटोपून मी बैठकीतल्या चित्रावरची धूळ पुसायला स्टुलावर चढले होते, ताई. चित्र आमच्या कुटुंबाचं, ह्यांनीच काढलेलं. हे चित्रकार खरे, पण जीव सगळा बुद्धिबळाची कोडी रचण्यात. पटावरचं एकेक मोहरं उचलून बघायचे. त्याच्यावाचूनही कोडं तसंच सुटलं, की ते मोहरं बाद.

"बिनकामाचं प्यादं पटावर ठेवणं म्हणजे पाप गं!"

"आणि ताटातलं निवतंय ते पुण्य वाटतं?"

तोवर ह्यांनी पुढचं मोहरं उचललेलं असायचं.

हे गेले आणि चित्रातलं मांजर नाहीसं झालं. खरवडलेलं नव्हे, त्या जागी सतरंजीची नक्षी नीट पुरी केलेली. रंग ओला, टर्पेंटाइनचा वास. मांजर पुन्हा घरी आलं नाही. मग चित्रातून सासूबाई गेल्या... आणि पाठोपाठ घरातून.

त्या दिवशी पुसताना पाहिलं, तर लेकीच्या गालातून मागची खिडकी दिसत होती. आतल्या खोलीत ती तापाने फणफणलेली.

नेम धरले, उपास केले, चित्रापुढे पदर पसरला. उतरवायला गेले, तर ते भिंतीवरून हलेना. जिवंतपणी ज्यांनी माझं एक ऐकलं नाही, ते आता काय ऐकणार? संतापाने रडूच फुटलं.

"अहो... ती बिनकामाची नाही हो..."

रिकाम्या खोलीत बरणीत कुंचला खळखळला. बस्स, तेवढंच.

मग सुचलं. ह्या माणसाला विनवणी कळत नाही, रचना कळते. त्यांचाच कुंचला उचलला. चित्रात लेकीशेजारी मी उभी होते. माझा हात ओढून तिच्या खांद्यावर टेकवला, सगळा भार तिच्यावर टाकला. वेडंवाकडंच जमलं.

"आता काढून दाखवा तिला," म्हटलं. "मी पडेन."

सकाळी लेक उठून बसली. "आई, भूक लागली." देवाची कृपा! धावतच बैठकीत गेले. चित्रात लेक ठसठशीत. माझा ओबडधोबड हात कुणीतरी सुरेख सुधारलेला.

पण गुडघ्यांखाली मी नव्हते. भार खांद्यावर आल्यावर पायांना काम उरलं नव्हतं.

लेक वाचली, मागणं तेवढंच होतं. देवाने ते दिलं. तुम्ही आलात तेव्हा उठता आलं नाही, राग मानू नका. जाताना एवढं फक्त चित्रात बघून सांगा, ताई... माझा दुसरा हात अजून आहे ना?