बादलीत अडकलेला हात

"हलायचं नाही! नाक खाजलं तरी नाही!" मामांनी दम भरला आणि बटाट्याचा हात बादलीतल्या पांढऱ्याशुभ्र प्लास्टरमध्ये मनगटाच्या वरपर्यंत बुडवला.

मामा पुतळे घडवायचे. उद्या सकाळी लोक एका लहान मुलाचा पुतळा न्यायला येणार होते आणि पुतळ्याला उजवा हातच नव्हता! मातीतून घडवायला वेळ कुठला? म्हणून आठ वर्षांच्या भाच्याच्या, म्हणजे बटाट्याच्या, हाताचा साचा! लवकर घट्ट व्हावं म्हणून प्लास्टर चक्क गरम पाण्यात कालवलं होतं, तेही बादलीभर.

"भिंगरे, लक्ष ठेव. अर्ध्या तासात आलो!" म्हणत मामा रंग आणायला पसार.

भिंगरी म्हणजे बटाट्याची तेरा वर्षांची ताई. सोबत मावसभाऊ शंकासूर. त्याला दर मिनिटाला एक शंका यायची.

"ताई, आत मस्त ऊब आहे! पांघरुणात असल्यासारखी!" बटाटा खिदळला.

शंकासुराने बादलीला हात लावला. "ए, हे निवायला हवं ना? मघाशी कोमट होतं, आता गरम लागतंय!"

खाली शेगडी नाही, खिडकीतून ऊन नाही. मग ही उष्णता आली कुठून?

"थांब!" शंकासूर ओरडला. "प्लास्टर पाण्याशी मिळून घट्ट होतं ना, तेव्हा आतूनच उष्णता बाहेर पडते. उष्मादायी अभिक्रिया! पातळ थर असता तर विरून गेली असती, पण एवढ्या गोळ्यातून ती जाणार कुठे?"

"ते परीक्षेच्या पेपरात लिही! आधी याला बाहेर काढ!" भिंगरी म्हणाली.

दोघांनी बटाट्याचा दंड धरून ओढलं. हात जागचा हलेना. प्लास्टरचा दगड झाला होता.

"ताई, भाजतंय गं..."

भिंगरीने वरून तांब्यावर तांबे गार पाणी ओतलं. वरचा भाग गार झाला, पण आत हात भाजतच होता आणि बटाटा ओरडतच राहिला. तिने मामांना फोन लावला.

"गरम होणारच! प्लास्टर आहे ते!" मामा हसले. "रडूबाई कुठली! साच्याला हात लावाल तर याद राखा!" फोन बंद.

भिंगरी शेजारच्या सुतारकाकांकडे धावली तर ते म्हणाले, "विस्तव नाही आणि भाजतंय? सुट्टीत दुसरे उद्योग नाहीत का तुम्हाला?"

खरं सांगून कुणी हलत नव्हतं. मग तिने खोटं सांगितलं.

"राहू द्या काका. मामा म्हणालेच, सुताराला प्लास्टर फोडणं जमायचं नाही म्हणून."

"कोण म्हणाला? चल, दाखवतोच!" काका छिन्नी-हातोडी घेऊन तरातरा आले. बादलीला हात लावताच त्यांनी झटकन मागे घेतला. त्यांनी प्लास्टिकची बादली कापून काढली आणि गोळ्याच्या कडेकडेने छिन्नी मारायला लागले. टक्. टक्. आत बोटं नेमकी कुठे आहेत, कुणालाच ठाऊक नव्हतं. बटाटा आता ओरडतही नव्हता, आणि भिंगरीला तेच सहन होत नव्हतं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती फक्त त्याचं डोकं पोटाशी धरून उभी राहिली.

फट्! गोळा दुभंगला. हात लालबुंद, दोन बोटांवर फोड. दवाखान्यात निघेपर्यंत तिघांनी तो नळाखाली धरला.

"आणखी दहा मिनिटं आत राहिला असता, तर ही बोटं वाचली असती असं मी सांगू शकले नसते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फोडायचं कुणी ठरवलं?"

काकांनी भिंगरीकडे बोट दाखवलं. "हिनं. मला चांगलं बनवलं पोरीनं! आणि कारण शोधलं या शंकासुरानं. मी मात्र दोघांना हुसकावत होतो!"

"शाब्बास दोघांची!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तेवढ्यात मामा धापा टाकत दवाखान्याच्या दारात आले. "माझा साचा फोडला कु..." बटाट्याच्या हातावरचं बँडेज दिसलं आणि ते मटकन खाली बसले.

"मामा, आता पुतळ्याला हात कुणाचा?" बटाट्याने बारीक आवाजात विचारलं.

"मातीतून घडवीन. पुतळा थांबेल." मामांनी भिंगरीकडे पाहिलं. "तू सांगत होतीस फोनवर. मी हसलो."

"हो, हसलात," भिंगरी म्हणाली. आणि इतका वेळ कोरडे राहिलेले तिचे डोळे भरून वाहायला लागले.