पहिल्या वर्षीचा चेहरा

काचेच्या कपाटात सगळ्या विजेत्यांचे मुखवटे होते. फक्त पहिल्या वर्षीचा नव्हता.

"चोर समोर उभी आहे, आणि तुम्ही काच काय न्याहाळताय?" दिग्दर्शक इन्स्पेक्टरबाईंवर खेकसला. त्याचं बोट आपल्या घटस्फोटित अभिनेत्री बायकोकडे होतं. "जन्मभर माझ्या बक्षिसावर डोळा हिचा!"

"तुझं बक्षीस? ती भूमिका मी केली होती!" अभिनेत्रीनं हनुवटी उडवली. हनुवटीतली खोल खळी लांबूनही दिसत होती.

"झालं हिचं तुणतुणं सुरू!"

इन्स्पेक्टरबाईंचं डोकं उठलं. नाटकवाल्यांची भांडणंही शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातात.

या आंतरराष्ट्रीय नाट्यपुरस्काराची रीतच जगावेगळी. पडदा पडला की विजेत्याच्या रंगवलेल्या चेहऱ्यावर तिथेच प्लास्टर थापायचं, त्या साच्यातून मुखवटा ओतायचा आणि मागे नाव कोरायचं. मुखवटे मुख्य कचेरीत पेटीबंद असत. पुरस्काराच्या इतिहासाचं प्रदर्शन भरलं म्हणून ते आज प्रथमच बाहेर आले. पहिला मान दिग्दर्शकाचा, मुंडण केलेल्या मुक्या भिक्षूच्या भूमिकेसाठी. भिंतीवर त्याचा तेव्हाचा फोटो होता. गुळगुळीत गाल, सपाट हनुवटी. आता मात्र दाढी छातीवर रुळत होती.

"चोरीचा डाग पुसल्याशिवाय या बाई संध्याकाळच्या नाटकात रंगमंचावर पाऊल ठेवणार नाहीत," प्रदर्शनाच्या आयोजकानं बजावलं. अभिनेत्रीचा चेहरा पडला. कितीतरी वर्षांनी तिला मुख्य भूमिका मिळाली होती.

"कपाटाची किल्ली?" बाईंनी विचारलं.

"माझ्या टेबलावर होती. कुणीही उचलावी," आयोजक ओशाळला.

"मुखवटा कुणी पाहिला?"

"मी येईपर्यंत त्याची जागा रिकामी झाली होती," अभिनेत्री म्हणाली.

"मी मेकअपच्या खोलीत होतो," दिग्दर्शक म्हणाला.

दारावर प्रत्येकाची झडती होत होती. म्हणजे वस्तू इमारतीतच होती. बाई मेकअपच्या खोलीत गेल्या. आरशांसमोर लाकडी डोक्यांवर विग चढवलेले होते. एका डोक्याला दाढीही होती.

"दाढ्या इथेच ठेवता?" त्यांनी रंगभूषाकाराला विचारलं.

"छे! दाढ्या डब्यात. डोक्याला चिकटवल्या तर गोंदानं वाट लागते त्यांची."

बाईंनी ते डोकं उचलून सगळ्यांसमोर आणलं. चेहऱ्यावर ओढलेला विग काढला. लाकडाला बांधलेला पांढरा प्लास्टरचा चेहरा उघडा पडला.

"बघा! हिनंच लपवला!" दिग्दर्शक ओरडला.

"नुसता लपवायचा तर विग पुरेसा होता. दाढी कशाला?" बाईंनी दाढी ओढून काढली. "ही हनुवटी झाकायला."

मुखवट्याच्या हनुवटीत खोल खळी होती. सगळ्यांच्या नजरा आधी अभिनेत्रीकडे, मग भिंतीवरच्या फोटोकडे गेल्या.

"त्या रात्री भिक्षू तुम्ही नव्हता," बाई दिग्दर्शकाला म्हणाल्या. "मुका, डोक्यावर टकलाचा टोप, चेहराभर रंग. कोण ओळखणार? मुखवटा बाहेर आला तरच पितळ उघडं पडणार होतं. या बाईंना तर तो कपाटातच हवा होता. फोडून का नाही टाकलात?"

दिग्दर्शकाचा आवाज चिरकला. "त्यावर माझं नाव आहे."

"ऐनवेळी याचे पाय लटपटले म्हणून मी उभी राहिले," अभिनेत्री म्हणाली. "संघ बाद होऊ नये म्हणून तेव्हा गप्प बसले. नंतर बोलले, तर सगळ्यांनी वेड्यात काढलं. तुम्हीसुद्धा."

आयोजकानं मान खाली घातली. "बाई, तुम्ही... तयारीला लागा."

ती वळली आणि दारात थांबली.

"इन्स्पेक्टरबाई, ती दाढी त्याला देऊन टाका. तोंड लपवायला एक पुरायची नाही आता."